माझ्या चार खड्ड्यांची फेरी

लोक म्हातारपणी काशीला जातात, तिरुपतीला जातात. मी माझ्याच हातानं बुजवलेले खड्डे बघायला गेलो. तेही जीपमध्ये, पुढच्या सीटवर बसून. आमच्या गावात जीपमधून गेलेला माणूस एक तर पुढारी असतो, नाही तर पकडलेला. मी यातला कोणता, हे लोक फाट्यापर्यंत धावत येऊन विचारत होते. मी काही सांगितलं नाही. नुसता हात हलवला, पुढाऱ्यासारखा.

माझं शिक्षण चौथी. त्यातली तिसरी दोनदा. तेव्हा लिहिण्यात चुका निघतील, त्या ज्याच्या त्यानं दुरुस्त करून वाचाव्यात.

हिंगोली जिल्हा वेगळा होऊन चार-पाच वर्षं झाली असतील, तेव्हाची ही गोष्ट. त्याआधी मी एका शेठच्या खत-औषधाच्या दुकानी हमाल होतो. कापसावर मारायच्या पांढऱ्या बीएचसी पावडरीवर सरकारनं बंदी आणली, तेव्हा शेठच्या गोदामांत पोत्यांची थप्पी पडून होती. शेठ म्हणाला, पुरून टाक. मी पुरली. गोरेगावच्या नाल्याकाठी एक खड्डा, शिरड शहापूरला गोदामामागं एक, वसमतच्या बाहेर एक. पुढं शेठ वारला, दुकान गेलं, कागद उंदरांनी खाल्ले. कुठं काय पुरलं याचा एकच कागद शिल्लक राहिला होता, आणि तो तंबाखू खात होता.

त्या कागदाला शोधत पुण्याहून एक मॅडम आल्या. नाव केतकी, वय माझ्या पोरीएवढं. विष सांडलेल्या जमिनी तपासायच्या, त्या विषानं किडामुंगीला, पाखराला, माणसाला किती धोका ते ठरवायचं, आणि मग ती जमीन साफ करायची, हा त्यांचा धंदा. अकरा वर्षं तेच करून राहिल्या होत्या.

"सासरी काय सांगता, काय काम करता म्हणून?" मी विचारलं.

"पर्यावरणात आहे म्हणते. मग लोक माझ्याकडे झाडाची रोपं मागतात."

बाई मला आवडली.

आता खरी गोष्ट. मी मॅडमला तीन खड्डे सांगितले. खड्डे चार होते. वसमतहून परतताना टेम्पो आमच्याच शिवारात बंद पडला होता, त्यात सात पोती उरली होती. ती मी माझ्या शेताच्या बांधाला पुरली. तिथून पन्नास पावलं उताराला आमची विहीर. निम्मं गाव तिचं पाणी पितं. माझी बायको कौसल्या तिचंच पाणी पीत होती. मॅडम यायच्या आठ महिने आधी ती गेली. पिवळी पडली, पोट फुगलं, नांदेडचा डॉक्टर म्हणाला लिव्हर गेलं. कशानं गेलं ते त्यानं सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. मला भीती होती की त्याला माहीत असेल.

म्हणून मी जीपमध्ये बसलो. दुसऱ्याच्या विहिरीला काय झालं ते आधी बघायचं, मग आपल्या विहिरीचं तोंड उघडायचं, असा माझा हिशेब.

गोरेगाव

जीपचा ड्रायव्हर इस्माईलभाई, परभणीचा. बाजारात थांबून त्यानं गरम भजी घेतली आणि मॅडमनं ती सगळ्यांच्या हातून काढून घेतली. का, तर हात धुतल्याशिवाय खायचं नाही. साठी उलटलेल्या दोन माणसांना एका पोरीनं भर बाजारात हात धुवायला लावले. तांब्यावर तांब्या. भजीवाला बघत होता. म्हणाला, "सुतक हाय का कुणाचं?"

नाल्याकाठचा खड्डा मी बराबर दाखवला. खूण म्हणजे तिथं काही उगवत नव्हतं, आणि बैल तिथं तोंड घालत नाही. मॅडमनं वहीत लिहिलं आणि म्हणाल्या, "आबा, हे शिकायला मला सहा वर्षं लागली. तुम्हाला बैलानं सांगितलं." मग त्या खाली बसल्या आणि फावडंभर माती गोणपाटावर पसरून त्यातली गांडुळं मोजायला लागल्या.

मी इस्माईलभाईला म्हटलं, "इतकं शिकून पोरगी गांडुळं मोजून राहिली."

"चाचा, पगार गांडुळ का ही मिलता है," तो म्हणाला.

खड्ड्यावर एकही गांडूळ नाही. पंधरा पावलांवर दोन. तीस पावलांवर नऊ. तेव्हा मी हसायचं थांबलो.

"आन पन्नास पावलांवर?" मी विचारलं.

"मोजू."

मोजलं. बारा निघाली. मला बरं वाटलं. पण तिथं जमीन सपाट होती. आमच्याकडं उतार आहे.

आता एक सांगायचं राहिलं. जमिनीत काहीही खणायचं झालं, तर कौसल्या आधी पाच खडे मांडायची, त्यांना तेलात कालवलेला शेंदूर लावायची, नारळ फोडायची. तिनं मला साधी खुंटीसुद्धा कधी शेंदराशिवाय ठोकू दिली नाही. पावडरीचे खड्डे मात्र मी तसेच खणले. शेठला घाई होती. घरी गेल्यावर तिनं विचारलं, शेंदूर लावला का? मी व्हय म्हणालो. खोटं.

म्हणून या खेपेला मी तिची शेंदराची डबी सोबत घेतली होती. मॅडम लांब गिरमिटानं भोक पाडायच्या आणि मी माती बाटलीत भरायचो. त्याआधी मी खडे मांडले.

"आबा, हे काय?"

"जमिनीला सांगून राहिलो."

त्यांच्या जागी दुसरा सायब असता तर हाकललं असतं. त्या म्हणाल्या, "सांगा. पण भोकापासून चार हात लांब. भोकात काही पडता कामा नये."

मी बराबर चार हात मोजून खडे मांडले.

शिरड शहापूर

औंढ्यापर्यंत रस्ता बरा होता. पुढं आदल्या दिवशीच्या पावसानं काळी माती भिजलेली. शिरड शहापूरच्या अलीकडं इस्माईलभाईनं शेतांमधल्या पांदीतून जवळचा रस्ता काढला आणि जीप चाकाच्या आखापर्यंत चिखलात रुतली. मॅडम चपला हातात घेऊन उतरल्या. मी म्हटलं, "इकडची माती पावण्याला सोडत न्हाई." दोन बैलजोड्या लावून जीप काढली. बैलवाल्यानं काही घेतलं नाही, पण आत बसून एक चक्कर मारली.

गोदामाच्या जागी आता नुसता कडुनिंब आणि विटांचा ढीग. मॅडमनं पांढरा झगा चढवला, तोंडाला जाळी लावली. मलाही झगा, जाळी आणि हातमोजे. मी आरशात बघितलं नाही, पण गावातलं एक कुत्रं मला बघून मागं मागं सरकत गेलं आणि खड्ड्यात पडलं.

तिसरं भोक पाडेस्तोवर भोवती पन्नास माणसं जमा. गावानं काय बघितलं? पुण्याची बाई. पांढरे झगे. जुन्या गोदामामागं खोदकाम. पाच खडे, शेंदूर, नारळ. आमच्या भागात याचा एकच अर्थ होतो.

एक पागोटेवाला पुढं आला. "गुप्तधन काढून राहिले का?"

"न्हाई हो," मी म्हणालो.

"मंग शेंदूर कशाला?"

मला खरं सांगता आलं असतं. पण तो इतक्या आशेनं बघत होता की मला राहवलं नाही. "धन हाय," मी म्हणालो. "पण ज्यानं हात लावला त्याला खरूज होती. आधी तोंडाला, मंग..." आणि पुढची जागा मी हातानं दाखवली.

गर्दी दहा हात मागं गेली. पागोटेवाला एकदम माझा मित्र झाला. म्हणाला, "मॅडमला खाऊ द्या खरूज. तुमी घरी जेवायला या."

मॅडमला हे कळलं तेव्हा त्या रागावल्या. "आबा, लोकांना खोटं सांगून घाबरवायचं नाही. खरं सांगूनच घाबरवायचं, तेवढं पुरेसं असतं." आणि जाळी काढून त्यांनी सगळ्या पन्नास जणांना उभ्या उभ्या समजावलं: इथं काय पुरलंय, ते दुधात कसं उतरतं, म्हैस इथं का बांधायची नाही. माणसं ऐकत होती. एक म्हातारी म्हणाली, "ज्यानं पुरलं त्याच्या तोंडात घाला म्हणावं मूठभर."

मी जाळीच्या आत होतो. माझं तोंड कुणाला दिसलं नाही.

पागोटेवाल्याकडं आम्ही जेवलो. ज्वारीची भाकरी, मुगाचं वरण, लसणाची चटणी. आमच्याकडं चटणीत तीळ घालतात, इकडं शेंगदाणा. कौसल्याही शेंगदाणाच घालायची, आणि मी नेहमी म्हणायचो की तिची चटणी बिघडली. नव्हती बिघडली.

वसमत

वसमतला हळदीचा वास गावात शिरायच्या आधी अंगाला येतो. आडतीत ढीग पडलेले, हमालांचे पाय गुडघ्यापर्यंत पिवळे. मी हमाल असताना मलाही वाटायचं, माल भरावा तर असा. पावडरीत काम केलं की हातापायाला आग सुटायची. इथले हमाल म्हणजे लग्नातले नवरदेव.

तिसरा खड्डा गावाबाहेर, कालव्याच्या वरच्या अंगाला. इथं जमीन उताराची. मी सकाळपासून मॅडमच्या मागं मागं होतो. त्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लावून राहिल्या होत्या.

"उताराला पावडर किती लांब जाती?"

"माती कशी, पाऊस किती, त्यावर आहे."

"पन्नास पावलं जाईल का?"

त्यांनी चिठ्ठी खाली ठेवली. "आबा, गोरेगावला पन्नास पावलं विचारलंत. शिरडला दोनदा विचारलंत. पन्नास पावलांवर काय आहे?"

मी हळदीच्या वासाचं काहीतरी बोललो. मग मी सांगितलं. चौथा खड्डा, विहीर, कौसल्या. सगळं एका दमात, खाली बघून. इस्माईलभाई बॉनेट पुसत होता, त्याचा हात थांबला.

"तिला म्या मारलं का, तेवढं सांगा," मी म्हणालो. "गोड बोलू नका."

"तपासल्याशिवाय मी काहीच बोलत नसते," मॅडम म्हणाल्या. "गोडही नाही." आणि इस्माईलभाईला म्हणाल्या, "गाडी काढा."

वाटेत त्यांनी औंढ्याजवळच्या एका माळावर जीप थांबवली. तिथं कधी कोणी काहीच पुरलेलं नाही, म्हणून तिथली माती घ्यायची. म्हटलं, हे कशाला? तर म्हणाल्या, तापलेलं अंग कळायला आधी गार अंगाला हात लावून बघावा लागतो. तिथंही मी पाच खडे मांडले. गार अंगालाही वाईट वाटू नये.

आमचा बांध, आमची विहीर

बांधावर मॅडमनं भोकं पाडली. विहिरीवर वाकून बाटली सोडायची वेळ आली तेव्हा मी म्हणालो, "तुमी वाकू नका, काठ ढासळलेला हाय. मी भरतो." त्या वहीत लिहायला वळल्या. मी विहिरीच्या काठाला शेंदूर लावला. इथं जरा जास्तच लावला, हातचं राखलं नाही. मग बाटली भरली.

बाटल्या पुण्याला गेल्या. तीन आठवड्यांनी कागद आला: चारही जागी पावडर आहे, विहिरीत पावडर नाही, पण विहिरीच्या पाण्यात शिसं आहे. बक्कळ. ग्रामसेवकानं दुसऱ्याच दिवशी विहिरीवर लाल फुली मारली. बायका नाला ओलांडून लांबच्या हापशावर जायला लागल्या. शेजारची सखूवैनी रोज दोन घागरी घेऊन माझ्या दारावरून जाई आणि ज्यानं कुणी विहीर नासवली त्याच्या सात पिढ्या काढी. मी दारात बसून ऐकत असे. पावडर नाही तर शिसं, पण काहीतरी गेलंच होतं कौसल्याच्या पोटात. मी जेवण सोडलं नाही, पण चव गेली.

आठवड्यानं जीप परत आली. मॅडमचा चेहरा उतरलेला.

"आबा, एक विचित्र झालंय. शिसं सगळीकडे निघालं. गोरेगाव, शिरड, वसमत. आणि औंढ्याच्या माळावरसुद्धा, जिथं काहीच नाही. म्हणजे शिसं जमिनीत नाही. आपल्यापैकी कुणीतरी ते घेऊन फिरतंय." आणि मग म्हणाल्या, "हात दाखवा."

मी दाखवले. नखांच्या कडा केशरी.

"हातमोजे?"

"तेलकट हातावर चढत न्हाईत," मी म्हणालो. "खिशात ठेवले व्हते. आन देवाला मोजे घालून शेंदूर लावतेत का कुठं?"

"आबा, शेंदूर म्हणजे शिसंच असतं."

त्या विहिरीच्या काठावरच बसल्या आणि डोकं धरलं. चार हात लांब ठेवा म्हणाल्या होत्या, मी ठेवले होते. खडे लांब होते. बोटं जवळ होती. माझ्या दहा बोटांनी पुण्याच्या प्रयोगशाळेला तीन आठवडे कामाला लावलं होतं.

मग त्या हसायला लागल्या. आधी मला वाटलं रडतायत. "वरिष्ठांना काय लिहू?" त्या म्हणाल्या. "देवाचा दोष?"

"माझा लिवा. देवाचं नाव खराब करू नका."

या वेळी मला साबणानं तीनदा हात धुवायला लावून वीस पावलं लांब उभं केलं, हात मागं बांधून. तिसरीत मास्तर उभं करायचे तसं. इस्माईलभाई पहारा देत होता. "चाचा, हिलना नहीं," म्हणून मध्ये मध्ये ओरडायचा आणि स्वतःच हसायचा. मॅडमनं सगळ्या बाटल्या स्वतः भरल्या. नंतर पांढऱ्या झग्यांतली दहा माणसं आली, चारही खड्डे उकरले, पावडर मातीसकट पिंपांत भरून ट्रकनं लांब कुठंतरी भट्टीत जाळायला नेली. आमच्या बांधावरून पिंपं निघाली तेव्हा मी मोजली नाहीत. बघवलं नाही. गावाला वाटलं, शेठच्या कुणा माणसानं पुरलं असेल.

दुसरा कागद घेऊन मॅडम स्वतः आल्या. विहिरीत शिसं नाही. पावडर नाही.

"म्हंजे तिला म्या न्हाई मारलं."

मॅडमनं कागदाची घडी घातली. "आजचं पाणी स्वच्छ आहे, हे मी छातीठोक सांगते. ती पीत होती त्या वर्षांचं पाणी आता कुठेच नाही, आबा. ते मला तपासता येत नाही. माती बघून वाटतं की पावडर तिथवर पोचली नसावी. वाटतं. याच्यापुढं मी गेले तर ते खोटं होईल."

मी चिडलो. "म्हाताऱ्या माणसाशी थोडं खोटं बोललं तर काय बिघडतं तुमचं?"

"मग पाणी स्वच्छ आहे, हे तरी तुम्ही कशावरून खरं मानाल?"

कौसल्या असती तर तिनं टाळी दिली असती मॅडमला. मला बोलण्यात कुणी हरवलं की तिला फार आनंद व्हायचा.

ग्रामसेवकानं फुली पुसली. गाव विहिरीवर जमलं. मॅडमनं कागद वाचला. कुणी हाललं नाही. फुलीही कागदानंच आली होती, आता कागदावर विश्वास कसा ठेवायचा? सखूवैनी म्हणाली, "ज्यानं विष पुरलं त्याला आणा आधी इथं."

"आलोय," मी म्हणालो. "म्याच पुरलं. सात पोती, त्या बांधाला."

मग सखू बोलली. काय बोलली ते मी लिहीत नाही, लेकरं वाचतील. पण तिनं एकही शब्द चुकीचा वापरला नाही. तिचं संपल्यावर मी बादली सोडली, पाणी ओढलं आणि सगळ्यांसमोर तांब्याभर प्यालो. कौसल्या गेल्यापासून पहिल्यांदा त्या विहिरीचं.

"आता?" मी विचारलं.

"आता काय!" सखू म्हणाली. "उंद्या सकाळी बघू, हा जगतो का."

सकाळी सहा-सात बाया रिकाम्या घागरी घेऊन माझ्या दारात. मी जागाच होतो, पण मुद्दाम डोळे मिटून बाजेवर पडून राहिलो. श्वास रोखला.

"गेला वाटतं," एक म्हणाली.

"हलवून बघ की."

"तू हलव."

मग सखूवैनी एकदम हळू म्हणाली, "तसा चांगला होता बिचारा. कौसल्याचं सगळं शेवटपर्यंत त्यानंच केलं."

मी मेल्याशिवाय सखूनं मला चांगलं म्हटलं नसतं, म्हणून आणखी थोडा वेळ मेलो. पण मला खोकला आला.

मग जे झालं त्यात एक घागर माझ्या पायावर आपटली, ती चुकून आपटली असं कुणी म्हणालं नाही. सखू शिव्या देत विहिरीकडं निघाली आणि बाकीच्या तिच्यामागं. मी लंगडत उठलो. घरात कौसल्याची घागर होती, ती घेतली आणि मीही गेलो. बाया भरायला लागल्या होत्या. मी पुढं सरकलो तर सखूनं हात आडवा केला.

"ज्यानं पुरलं त्यानं शेवटी भरायचं."

बराबर होतं. मी मागं जाऊन उभा राहिलो.